साच्यात थंड होणारा वेळ

माझे काका कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत तीस वर्षं कामाला होते. शाळेत असताना एकदा त्यांचा डबा पोचवायला गेले आणि ओतलेलं लोखंड पहिल्यांदा पाहिलं. केशरी धार मोल्डमध्ये, म्हणजे वाळूच्या साच्यात, उतरली, वाळूच्या भोकांमधून निळसर ज्योती भकभकल्या आणि थोड्या वेळात सगळं शांत झालं. नवीन लागलेला एक पोरगा लगेच हातोडा घेऊन मोल्ड फोडायला सरसावला. काका लांबूनच ओरडले, "गडबड करू नगं रं! थंड हू दे की त्येला!"

घरी येताना त्यांनी मला कारण सांगितलं. ओतताना लोखंड चौदाशे अंशांच्या घरात असतं. वरून घट्ट झालेलं दिसलं तरी आत ते अजून आकसत असतं. पातळ भाग लवकर थंड होतो, जाड भाग उशिरा. त्याआधीच साचा फोडला की हा ताण आतल्या आत अडकून राहतो. कधी कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेला भाग, वाकतं, कधी त्याला तडा जातो, आणि पुष्कळदा तो तडा तिथं दिसतच नाही. माल मशिनशॉपला जातो, कापायचं टूल लागतं, आणि तेव्हा कुठं चीर उघडी पडते. मग शिव्या खातो मशिन चालवणारा.

मी घरी बसून डिझाईनचं काम करते. लग्नपत्रिका, दुकानांचे फलक, पुस्तकांची मांडणी. लोखंडाशी माझा संबंध नाही. पण मागच्या तीन-चार वर्षांत आपल्या आसपासची माणसं जेव्हा जेव्हा 'वेळच मिळत नाही', 'सुट्टी असून थकल्यासारखं होतं', 'आता चित्र काढावंसं वाटत नाही' असं म्हणतात, तेव्हा मला काकांचा तो आवाज ऐकू येतो. काम, हातून काही घडवण्याची हौस आणि रिकामा वेळ या तिन्हींचा आपण एकत्र काला करून टाकला आहे. तो थोडा सोडवून बघू.

आपली भाषाच इथं आपल्याला फारशी मदत करत नाही. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' म्हणतो आपण. बसलेल्या माणसाला रिकामटेकडा म्हणतो. 'उसंत' हा शब्द तर बहुतेक वेळा 'नाही'च्या सोबतच येतो: क्षणाची उसंत नाही. ज्या शब्दांत आपण वाढलो त्यांनी शिकवलं की वेळ भरलेला असला तरच माणूस चांगला. त्याच भाषेत 'काम ना कवडीचं, फुरसत नाही घडीची' अशीही म्हण आहे, हे मात्र आपण विसरतो. नुसतं गुंतलेलं असणं म्हणजे काम नव्हे, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं.

आधी हे लक्षात घेऊ, की सुट्टी कुणी मेहरबानी म्हणून दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये एके काळी आठवड्याचे सातही दिवस काम चाले. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याला एक दिवस तरी सुटीचा हवा म्हणून वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १९४२ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळात कामाचे तास कमी करण्याचा आग्रह त्यांनी धरला आणि १९४६ च्या कायद्यानं कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आपण रविवारी सकाळी मिसळ खायला निघतो ती सकाळ अशी भांडून मिळालेली आहे. ती लॅपटॉप उघडून परत देताना मला तरी अपराधी वाटतं.

भांडणामागं नुसती भावना नव्हती, हिशेबही होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तोफगोळे बनवणाऱ्या कारखान्यांत बायका मोठ्या संख्येनं राबत होत्या. कोण किती तास कामाला होतं आणि किती माल निघाला, याच्या नोंदी तेव्हा ठेवल्या गेल्या. जॉन पेंकावेल या अर्थतज्ज्ञानं त्या नोंदी पुन्हा तपासून २०१४ साली निष्कर्ष मांडले. आठवड्याला पन्नासेक तासांपर्यंत तास वाढले की माल त्या प्रमाणात वाढत होता. त्यापुढे तासागणिक माल घटू लागला. सत्तर तास राबणाऱ्यांचा एकूण माल छप्पन्न तासवाल्यांपेक्षा फारसा जास्त भरला नाही. म्हणजे वरचे चौदा तास जवळजवळ वायाच गेले, आणि शरीर झिजलं ते वेगळंच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली जगभरातला अभ्यास एकत्र करून सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. मशिनशॉपमध्ये उघडी पडणारी चीर ती हीच.

विश्रांती म्हणजे नेमकं काय?

आता तुम्ही म्हणाल, आम्ही रोज रात्री दोन तास आडवे पडून मोबाइल बघतो, मग तरी थकवा का जात नाही?

कोल्हापुरात राहणाऱ्याला याचं अर्धं उत्तर तालमीत मिळतं. पहाटे अंधारात पोरं उठतात, जोर-बैठका मारतात, हौद्यातल्या तांबड्या मातीत लढती होतात. आपल्याला दिसते ती मेहनत. पण वस्ताद पोराच्या मेहनतीवर जितकी नजर ठेवतो, तितकीच त्याच्या खुराकावर आणि दुपारच्या झोपेवर ठेवतो. रात्री जागून आलेला पोरगा सकाळी पकडीतच कळतो. तालमीत झोप हा मेहनतीचाच भाग आहे, आणि ती चुकवली तर बोलणी बसतात.

तिकडे जर्मनीत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत विद्यालयातल्या व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांच्या दिनक्रमाच्या नोंदी घेतल्या. सर्वात पुढे असलेली मुलं एकट्यानं कसून रियाज करत, पण तो दिवसाला साडेतीन-चार तास. शिवाय ती इतरांपेक्षा जास्त झोपत आणि दुपारी डुलकी काढत. लोकांनी या अभ्यासातून हजारो तासांच्या रियाजाचा आकडा तेवढा लक्षात ठेवला. झोपेची गोष्ट मात्र कुणी फारशी सांगत नाही.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग सबीने सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या संशोधिकांच्या २००७ सालच्या मांडणीत सापडतो. कामानंतर माणूस पुन्हा भरून यायला चार गोष्टी लागतात असं त्या सांगतात. कामापासून मन सुटणं. अंग आणि डोकं सैल होणं. काहीतरी नवीन जमू लागल्याचा आनंद. आणि हा वेळ माझा आहे, मी ठरवेन तसा घालवेन, ही मुभा.

यातली तिसरी गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थबकले. नवीन शिकणं म्हणजे पुन्हा कष्टच की! पण बँकेत दिवसभर आकडे बघणारा माणूस संध्याकाळी तबल्याच्या क्लासला जातो, बोटं दुखेपर्यंत एक कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची एक रचना, घोटतो आणि घरी ताजातवाना येतो, हे आपण पाहिलेलं असतं. थकतो तो एक भाग, जागा होतो दुसराच. उलट फोन बघताना या चार गोष्टींपैकी काय मिळतं ते मोजा. अंग थोडं सैल होतं. पण त्याच फोनवर ऑफिसचा ग्रुप वाजत असतो, म्हणजे मन सुटत नाही. नवीन काही जमत नाही. आणि पुढं काय दिसणार हे आपण ठरवत नसतो. चारांत एक, तेही अर्धं.

मिहाय चिक्सेंटमिहाय आणि ज्युडिथ लफेव्र यांच्या १९८९ सालच्या अभ्यासात एक चक्रावणारी गोष्ट दिसली. नोकरदार माणसांना दिवसातून अनेकदा पेजरवर इशारा देऊन, आत्ता काय करताय आणि कसं वाटतंय, हे त्यांनी लिहायला लावलं. कशात तरी रंगून गेल्याचा अनुभव लोकांना रिकाम्या वेळेपेक्षा कामावर असताना जास्त वेळा आला होता. तरी कामावर असताना 'इथून सुटावं' असंच त्यांना वाटत होतं. मला यातून एवढं कळलं की मोकळ्या वेळेला थोडा आकार लागतो. काय करायचं हे काहीच ठरलेलं नसलं की संध्याकाळ हातातल्या वाळूसारखी निसटते.

आणि कामापासून मन सुटायचं तर काम कुठंतरी संपायला हवं. महाद्वार रोडला रात्री एखादं दुकान बंद होताना बघा. मालक गल्ला मोजतो, देव्हाऱ्यातल्या दिव्याकडे बघून हात जोडतो, शटर खडखडत खाली येतं, कुलूप लागतं, ते एकदा ओढून बघितलं जातं, मग कुलपाला हात लावून तो हात कपाळाला. झालं. दुकान मागं राहिलं, माणूस घरी निघाला. आम्हा घरून काम करणाऱ्यांना हे शटरच नाही. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्याच्या शेजारी कोथिंबीर निवडून ठेवलेली. सोफी लरॉय या संशोधिकेनं २००९ साली दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं, तर लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच चिकटून राहतो. ताटावर बसलेला माणूस मनानं अजून त्या पत्रिकेच्या बॉर्डरमध्येच असतो.

यावर उपाय साधा आहे, आणि तोही तपासलेला. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ साली दाखवलं की अपुरं काम डोक्यात घोळायचं थांबण्यासाठी ते पूर्णच करावं लागतं असं नाही. ते कधी आणि कसं करणार, हे नेमकं ठरवलं तरी मन ते सोडतं. म्हणून मी रोज साडेसहाला वहीत उद्याची तीन कामं वेळेसकट लिहिते, वही मिटते आणि तिच्यावर पेपरवेट ठेवते. माझं शटर तेवढंच. पहिला आठवडा हात पुन्हा पुन्हा वहीकडे जायचा. आता जात नाही.

हौसेची किंमत

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग.

मला लहानपणापासून पानाफुलांची चित्रं काढायची आवड. पाच वर्षांपूर्वी एका मैत्रिणीनं तिच्या बहिणीच्या लग्नासाठी हातानं रंगवलेल्या पत्रिका मागितल्या. त्या फिरल्या, लोकांनी विचारलं, ऑर्डरी आल्या. सगळे म्हणाले, केवढी नशीबवान, आवड आणि पोटापाण्याचं काम एकच! दोन वर्षांनी लक्षात आलं, की ऑर्डर नसताना मी एकही फूल काढलेलं नाही. वही उघडली की पहिला विचार यायचा, हे विकलं जाईल का?

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांना स्केचपेननं चित्रं काढायला मनापासून आवडतं अशीच मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर छान रिबीन लावलेलं बक्षीस मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी अचानक बक्षीस दिलं. काहींना काहीच नाही. नंतर मोकळ्या वेळेत कोण आपणहून चित्रं काढतं ते गुपचूप पाहिलं. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं ती मुलं आता इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह मात्र शाबूत होता. बक्षीस वाईट नव्हतं. 'मी हे बक्षिसासाठी करतोय' हा हिशेब मनात शिरला, तिथं बिनसलं.

याचा अर्थ कलेतून पैसे कमावू नयेत असा मुळीच नाही. तसं म्हणणं कोल्हापुरात तर कृतघ्नपणाच ठरेल. इथली चप्पल, हुपरीची चांदी, गुजरीच्या सराफ बाजारातला साज, हे सगळं कारागिरांनी पोट भरत भरतच नावारूपाला आणलं. बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून पोट भरत. सिनेमा पाहून त्यांना वेड लागलं, ते स्वतः कॅमेरा बनवायचं. त्याची ऑर्डर कुणी दिली नव्हती. आनंदराव १९१६ साली गेले, बाबूराव खटपट करत राहिले, कॅमेरा तयार झाला आणि १९२० साली त्यांचा पहिला मूकपट लोकांनी पाहिला. पडद्यांचं काम हातात होतं म्हणून चूल पेटत होती, आणि कॅमेऱ्याला कुणी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्याला हवा तेवढा वेळ देता आला, असं मला वाटतं. दोन्ही एकाच हातांची कामं, पण दोन्हींना एकच काटा लावून मोजलं नाही.

मी आता एक वही वेगळी ठेवली आहे. तिचा फोटो कुठं टाकायचा नाही, तिच्यातलं काही विकायचं नाही, पान बिघडलं तरी फाडायचं नाही. त्यात एक फसलेली अबोली आहे, तिच्या पाकळ्यांवर रंग फुटून गुलाबी डबकं झालंय. गिऱ्हाइकासाठी ते पान मी दुसऱ्या मिनिटाला रद्द केलं असतं. इथं ते तसंच आहे, आणि ओल्या कागदावर रंग कसा पळतो ते मी त्या डबक्यावरून शिकले.

रंकाळ्याची फेरी

सुचण्याबद्दल थोडं. ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली सुचण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: तयारी, मुरणं, उमजणं आणि तपासणं. लोणचं घालणाऱ्या घरात 'मुरणं' वेगळं समजावायची गरज नाही. फोडी चिरणं, मीठ, मसाला, तेल हे सगळं आधी नीट व्हावं लागतं, मगच बरणीला फडकं बांधून बाजूला व्हायचं. रिकाम्या बरणीत काही मुरत नाही, आणि सारखं झाकण उघडून बघितलं म्हणून लोणचं लवकर मुरत नाही. ओपेझो आणि श्वार्ट्झ यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत चालताना माणसांना नव्या कल्पना बसलेल्यांपेक्षा सरासरी साठ टक्के जास्त सुचल्या. एकच नेमकं उत्तर शोधायचं असेल तिथं मात्र चालण्याचा तसा फायदा दिसला नाही. म्हणून पत्रिकेची कल्पना अडली की मी रंकाळा तलावाला फेरी मारते, आणि जीएसटीचा हिशेब अडला की खुर्चीतच बसते.

पण इथं मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. 'फिरा म्हणजे जास्त सुचेल', 'झोपा म्हणजे जास्त काम होईल' हे खरं असलं तरी त्यात रिकाम्या वेळेला पुन्हा कामाच्याच दावणीला बांधलेलं असतं. गंगावेशीत संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात. समोर धार काढली जाते, ग्लासात फेस वर येतो, लोक ओठांवरची पांढरी मिशी पुसत गप्पा मारतात. कुणाच्या म्हशीला किती दूध, पेठेतल्या सामन्यात गोल कुणी चुकवला. त्या अर्ध्या तासातून काहीही निघत नाही, आणि निघायलाही नको. ती संध्याकाळ स्वतःच पुरती असते. तालीम मंडळाच्या फुटबॉलसाठी उन्हात घसा बसेपर्यंत ओरडणारी माणसं दुसऱ्या दिवशी जास्त काम करता यावं म्हणून थोडीच ओरडतात?

कुणाचा रिकामा वेळ?

ज्यांची कामाची पाळी दर आठवड्याला बदलते, ज्यांना दिवसाच्या ऑर्डरीवर पैसे मिळतात, त्यांना 'संध्याकाळी साडेसहाला वही मिटा' सांगणं सोपं नाही, हे मी जाणते. त्यांचा प्रश्न सवयीचा नसून मजुरीचा आणि कायद्याचा आहे, आणि तिथं नारायण मेघाजी लोखंड्यांचाच संघटनेचा रस्ता लागतो.

घरातला प्रश्न मात्र आपल्या हातात आहे. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्या बिनपगारी कामावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं दिसलं. घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि मुळात हात लावणारे पुरुष होते चारांतला जेमतेम एक. बऱ्याच घरांत एकाची निवांत संध्याकाळ दुसऱ्याच्या ओट्यापाशी उभ्या राहण्यातून तयार होते. रविवारी सगळ्यांना सुटी असते, तेव्हा तांबडा-पांढरा रस्सा करायला कोण उभं असतं?

काका निवृत्त झाले त्या वर्षी काकूंनी हे विचारलं होतं. फार बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला सुट्टी लागली, मला कधी लागणार?" काका दोन दिवस गप्प होते. मग गुरुवार ठरला. गुरुवारी चार वाजता काकू पेठेतल्या देवळात भजनाला जातात. पहिले काही महिने त्या गातच नव्हत्या, नुसत्या टाळ धरून बसायच्या. तीस-पस्तीस वर्षांत आवाज लावला नव्हता. परवा मी त्यांच्याकडे होते. काकू चपला घालत होत्या, स्वयंपाकघरात काका पहिली भाकरी थापत होते आणि ती परातीला चिकटली होती. काकूंनी दारातून आत डोकावून पाहिलं. "अहो, पीठ जरा सैल झालंय," एवढं म्हणाल्या, आणि आत न जाता जिना उतरून गेल्या.